पिकाची पैसेवारी आणि माणसाची पिशवी

दरवर्षी सप्टेंबर संपत आला, की वऱ्हाडातील गावागावांची नजरअंदाज पैसेवारी जाहीर होते. ऑक्टोबरअखेर ती सुधारली जाते, डिसेंबरअखेर अंतिम होते. अमुक तालुका पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर मोर्चे निघतात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदने दिली जातात आणि वृत्तपत्रांचे रकाने भरतात. हे सर्व रास्तच आहे. जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीची स्थगिती, विद्यार्थ्यांची परीक्षाशुल्कमाफी अशा कितीतरी गोष्टी त्या एका आकड्यावर अवलंबून असतात. शेतात काय पेरले आणि काय उगवले, याची गावनिहाय नोंद ठेवण्याची शिस्त इंग्रजी अमलातील जमाबंदीपासून या प्रांताच्या अंगवळणी पडली आहे. कोणत्याही कपाशीच्या वावराचे जुने उतारे काढले, तर दोन-तीन पिढ्यांचा इतिहास हाती येतो. परंतु त्याच वावरात हयात घालविलेल्या माणसाच्या शरीराचा इतिहास मागितला, तर हाती येते ती प्लास्टिकची एक पिशवी.

अशी एक पिशवी अलीकडे प्रस्तुत लेखकाला पाहावयास मिळाली. दर्यापूरकडील एका गावात अनेक वर्षे शिकविलेल्या एका निवृत्त शिक्षकांची ती होती. गृहस्थ अंगाने किरकोळ, निर्व्यसनी, सकाळी चार मैल चालणारे. पिशवीत आठ वर्षांतील, निरनिराळ्या चार प्रयोगशाळांतील तपासण्यांचे कागद होते. कधी तापासाठी, कधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी, तर कधी गावात शिबिर भरले म्हणून केलेल्या त्या तपासण्या. एका रविवारी आम्ही ते कागद तारखेप्रमाणे सतरंजीवर मांडले. रक्तातील क्रिएटिनीन पहिल्या कागदावर ०.६ होते, मग ०.७, मग ०.९, आणि शेवटच्या कागदावर १.२. प्रत्येक कागदावर त्या आकड्यापुढे ‘मर्यादेत’ असाच शेरा होता. एकाही डॉक्टरने चूक केली नव्हती, कारण प्रत्येकाच्या समोर एकच कागद आलेला होता. गुरुजी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, पोरांच्या प्रगतिपुस्तकात तिन्ही चाचण्यांचे गुण मी जन्मभर शेजारी शेजारी लिहिले. हे काही सुचलं नाही.”

क्रिएटिनीन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निर्माण होणारा पदार्थ. मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. गाळण्याची शक्ती कमी झाली, की तो रक्तात साचतो. तथापि ज्याच्या अंगावर मांस कमी, त्याच्या शरीरात तो मुळातच कमी तयार होतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा पहिलवानाला आणि किरकोळ अंगाच्या शेतमजुराला सारखीच लावली, तर मजुराची फसगत होते. ज्याचे क्रिएटिनीन ०.६ असावयाचे त्याचे १.२ झाले, तर त्याच्या मूत्रपिंडांची शक्ती साधारणतः निम्म्यावर आली असा त्याचा अर्थ होतो; कागद मात्र सर्व ठीक असल्याचे सांगत राहतो. मूत्रपिंडांची गोष्ट अशी, की निम्म्याहून अधिक शक्ती गेली तरी माणसाला काही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात तोवर फार थोडे शिल्लक उरलेले असते. प्रयोगशाळा बदलली, की आकडा थोडाफार इकडेतिकडे होतो हेही खरे. म्हणूनच एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, ठराविक काळाने केलेल्या तपासणीला महत्त्व येते.

रक्तदाबाचे आणि साखरेचेही असेच आहे. किंबहुना हे सगळे एकाच साखळीतील दुवे आहेत. वाढलेली साखर आणि वाढलेला दाब मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब करतात. खराब मूत्रपिंड दाब आणखी वाढविते. आणि या दोहोंचा भार हृदयावर व मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पडतो. २०२३ साली अमेरिकन हृदयरोग संघटनेने हृदय, मूत्रपिंड व चयापचय यांच्या या एकत्रित बिघाडाला एकच संयुक्त नाव दिले आणि त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. आपल्याकडे मात्र साखरेचा डॉक्टर एक, हृदयाचा दुसरा, मूत्रपिंडाचा तिसरा, आणि रुग्णाच्या हातात तीन फायली, असा प्रकार अजून चालू आहे.

रूझवेल्ट ते फ्रेमिंगहॅम

आकडे होते, पण ओळीने कोणी पाहिले नाहीत, असे थोरामोठ्यांच्या बाबतीतही घडले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९३५ साली १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ झाला, १९४१ मध्ये १८८/१०५. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाची प्रकृती उत्तम असल्याचे त्यांचे खाजगी वैद्य सांगत राहिले. वाढत्या वयाबरोबर दाब वाढावयाचाच, किंबहुना तो वाढला तरच कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे जाईल, असे त्या काळी पुष्कळ डॉक्टर मानीत. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने रूझवेल्ट गेले, तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० मोजला गेला.

पुढे तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या लहानशा गावात एक उपक्रम सुरू झाला. गावातील ५,२०९ स्त्रीपुरुष निवडण्यात आले आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी करण्याचे ठरले. त्यांच्यावर कोणतेही नवे औषध वापरावयाचे नव्हते. ते कसे जगतात, काय खातात, सिगारेट ओढतात की नाही, दाब किती, कोलेस्टेरॉल किती, एवढे टिपावयाचे आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो याची वाट पाहावयाची. या कामात चमकदार असे काही नव्हते. तथापि १९६१ साली डॉ. विल्यम कॅनल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदींच्या आधारे ‘धोक्याचे घटक’ ही कल्पना मांडली आणि वाढलेला दाब निरुपद्रवी असल्याची समजूत मोडीत निघाली. आज अमरावतीच्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टर प्रथम दंडाला पट्टा बांधतात, ती सवय त्या गावाच्या चिकाटीने लागली आहे. १९७१ पासून तेथे त्या लोकांच्या मुलांची आणि २००२ पासून नातवंडांची तपासणीही सुरू झाली.

अशी कामे श्रीमंत देशांनाच साधतात, असे म्हणून आपण सुटका करून घेऊ पाहतो. ते खरे नाही. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांची नोंद करण्यास आरंभ केला. तेथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. आश्चर्य असे, की आपली बाळे हातापायांनी आणि पोटाने लहान असली, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसावयास रोड, पण आतून मेदयुक्त, अशी ही ठेवण जन्मापासूनच असते, हे त्यावरून कळले. पुढे सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी याच मुलांना पुन्हा तपासण्यात आले, आणि अठराव्या वर्षीही दहांपैकी नऊजण तपासणीला हजर होते! त्यांतील जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने प्रमाणापेक्षा कमी होती. तरीही मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आणि मुलींपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रक्तातील साखरेचे गणित बिघडू लागलेले होते. आणि या बिघाडाची चाहूल सहाव्या वर्षाच्या आकड्यांतही लागत होती. मधुमेह हा खाऊनपिऊन सुस्त झालेल्यांचा रोग, ही आपली आवडती समजूत या खेडवळ, काटक पोरांनी खोटी ठरविली.

पक्षाघाताबद्दलही तेच. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांत घरोघर जाऊन प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. २०११ ते २०१३ या दोन वर्षांच्या त्या नोंदींत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे निघाले. सात मृत्यूंमागे सुमारे एक. गडचिरोलीत हे घडत असेल, तर अंजनगाव, अकोट आणि तेल्हारा यांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही.

खारपाणपट्ट्यातील पाणी

आता आपल्या दाराशी येऊ. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. नऊशेच्या आसपास गावे त्यात मोडतात. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुढे शेगाव, संग्रामपूर. येथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ओलितास ते निरुपयोगी, म्हणून शेती पावसावर. आणि वर्षानुवर्षे पिण्यास दुसरे नव्हते, म्हणून तेच प्यावयाचे. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे जातात, ही गोष्ट तेथे कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. सोयरीक जुळविताना ‘गावचं पाणी कसं आहे’ हा प्रश्न विचारला जातो. विधानसभेत प्रश्न उपस्थित होतात, पाण्याचे नमुने घेतले जातात, आरोग्य शिबिरे भरतात.

दोष पाण्याचाच, असे मानण्याकडे आपला सर्वांचा कल आहे आणि त्याला आधारही आहे. शरीरात सोडियम अधिक गेले तर रक्तदाब वाढतो आणि वाढलेला दाब मूत्रपिंडास मारक ठरतो. परंतु संशयित एकच नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर राबून शरीर कोरडे पडणे हाही मूत्रपिंडावरील आघातच आहे. अंगदुखीसाठी गावोगाव बिनदिक्कत घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या व इंजेक्शने आहेत. तोंडाला फडके न बांधता केलेली कीटकनाशकांची फवारणी आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. आणि या सर्वांच्या जोडीला न ओळखलेला मधुमेह आणि न मोजलेला रक्तदाब आहेच. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, निकाराग्वातील उसाचे मळे, अशा जगातील अनेक ठिकाणी शेतात राबणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत आणि नेमके कारण काय, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. तेथील अनुभव सांगतो, की रोगी झालेल्या माणसाला आणि आजच्या पाण्याला तपासून हा वाद मिटत नाही. रोग जडण्यापूर्वीच्या वीस वर्षांत त्या माणसाने कोणते पाणी प्याले, त्याचा दाब केव्हा चढू लागला, लघवीत प्रथिने प्रथम केव्हा दिसली, हे ठाऊक असावे लागते. आणि ते मागे जाऊन शोधता येत नाही.

याच ठिकाणी आपल्या हातून एक मोठी संधी निसटली आहे, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. वान आणि शहानूर धरणांचे गोडे पाणी प्रादेशिक योजनांतून खारपाणपट्ट्यातील गावांना मिळू लागले, ते एकाच दिवशी सर्वांना मिळाले नाही. काही गावांना आधी मिळाले, काहींना नंतर. काही ठिकाणी नळ नियमित येतो, काही ठिकाणी आठ-पंधरा दिवसांनी येतो आणि मधल्या काळात लोक पुन्हा विहिरीकडे, हापशीकडे किंवा विकतच्या जारकडे वळतात. कोणत्याही संशोधकाने हेवा करावा असा हा प्रयोग आपोआप घडून आला. नळ येण्यापूर्वी प्रत्येक गावातील शे-दोनशे प्रौढांचा दाब, वजन आणि लघवीतील प्रथिने जरी लिहून ठेवली असती आणि पुढे दरवर्षी तेच केले असते, तर गोड्या पाण्याने किती मूत्रपिंडे वाचविली याचे उत्तर आज आकड्यांत देता आले असते. ज्या गावांना नियमित पाणी अजून पोहोचलेले नाही, तेथे ही संधी शिल्लक आहे. नळाचे उद्घाटन होण्यापूर्वी ती घेतली पाहिजे.

मोजमाप काहीच होत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सर्वांनी वाचले आहेत: प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही, ३५.५ टक्के उच्च रक्तदाबाचे. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २००८ ते २०१० मध्ये, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के आणि शहरी भागात १०.९ टक्के आढळले होते. या पाहणीचे मोल मोठे आहे. पण तिचे स्वरूप जनगणनेसारखे असते. गावातील किती जण आजारी आहेत ते तिच्यावरून कळते. काल बरा असलेला कोण आज आजारी पडला आणि का, हे तीत दिसत नाही. २०१७ पासून आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तक्ता भरून घेतात. रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारचे कर्करोग यांची चाळणी त्यातून होते. आरंभीच्या या पाच रोगांत मूत्रपिंडाचा समावेश नव्हता. लघवीत बुडवून रंग पाहावयाची कागदी पट्टी ही काही महाग वस्तू नव्हे. खारपाणपट्ट्यापुरती तरी ती आशाताईंच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून असावयास हवी होती.

शेजारच्या वर्धा जिल्ह्याचे उदाहरण या संदर्भात घेण्यासारखे आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस आरंभिला गेला, त्यात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे प्रथम घेतले गेले. त्याचा गाभा अगदी साधा होता. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, त्यावर प्रत्येक भेटीतील दाब, आणि जो ठरल्या दिवशी आला नाही त्याची आठवण ठेवणे. किती शिबिरे घेतली, किती गोळ्या वाटल्या यापेक्षा नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब आटोक्यात आला, हा हिशेब तेथे महत्त्वाचा ठरला. क्षयरोगाच्या औषधोपचाराचे कार्ड आपल्याकडे पूर्वीपासून आहे. रुग्णाची सतत नोंद ठेवणे आपल्या यंत्रणेला जमत नाही असे नाही. निरोगी माणसाचीही नोंद ठेवावयाची असते, एवढेच तिला अजून पटलेले नाही.

डायलिसिसच्या बाबतीत आपला उत्साह वेगळा असतो. यंत्र आणले, की ते दिसते. फीत कापता येते. २०१६ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने आणि राज्याच्या जनआरोग्य योजनेने गरिबाला ही सेवा विनामूल्य मिळण्याची सोय केली, हे मोठेच काम झाले. परंतु विनामूल्य म्हणजे काय, ते खेड्यातून शहरात येणाऱ्या माणसास विचारावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून राहावयाचे. दर्यापूर तालुक्यातून अमरावतीस यावयाचे तर जाण्या-येण्यात शंभर किलोमीटर, सोबत येणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. असा एक संसार वर्षभरात कसा खचत जातो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना दाब मोजण्याच्या पाच मिनिटांची किंमत कळेल.

मग करावयाचे काय? वऱ्हाडातील सर्व प्रौढांच्या मागे वही घेऊन फिरणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. खारपाणपट्ट्यातील काही गावे आणि पट्ट्याबाहेरची, पण शेती व राहणी तशीच असलेली काही गावे निवडावीत. त्यांतील तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची वर्षातून एकदा, आणि तीही ठराविक महिन्यात, तपासणी व्हावी. मे महिन्यातील तपासणीची तुलना पौषातल्या तपासणीशी करून उपयोग नाही, कारण उन्हाळ्यात शरीरातील पाणी आटल्यामुळे आकडे बदलतात. कमरेचा घेर, वजन, दाब, उपाशीपोटीची साखर, लघवीतील प्रथिने, क्रिएटिनीन आणि पिण्याच्या पाण्याचा उगम एवढे पुरे. अमरावती आणि अकोला या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकत असताना ही गावे पायाखाली घालता येतील. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला या पट्ट्यातील माती-पाण्याची जाण आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी बदलत राहतील, पण वही बदलता कामा नये, ही मात्र मुख्य अट.

अडचणी आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठी पैशाची नाही. लोक का येतील, हीच खरी अडचण. ‘रक्त नेतात, पुढं काय होतं ते कोणी सांगत नाही,’ ही तक्रार खेड्यांत सर्रास ऐकू येते आणि तीत तथ्य आहे. ज्याचे रक्त घेतले त्याला त्याचा आकडा, आणि गेल्या वर्षीचा आकडाही, मराठीत लिहून मिळाला पाहिजे. दाब चढलेला दिसला तर त्याच आठवड्यात औषध सुरू झाले पाहिजे. नुसते मोजून सोडून देण्याला संशोधन म्हणणे हा निर्दयपणा होईल. दुसरे, कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेल्या मजुराची आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीची नोंद तुटू नये. पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतील मुलीही लग्न होऊन परगावी गेल्याच असतील. तिसरे, ही वही कोणाच्या हाती पडावी आणि कोणाच्या पडू नये, याचा नियम आधीच ठरला पाहिजे. मुलीच्या आईची मूत्रपिंडे अधू आहेत, ही वार्ता सोयरीक मोडण्यास पुरेशी असते, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगावयास नको.

गुरुजींचे क्रिएटिनीन महिनाभराने पुन्हा तपासले, त्याच प्रयोगशाळेत, ते १.२ च निघाले. लघवीत प्रथिने सापडली आणि दाबही चढलेला होता. आता गोळी सुरू झाली आहे, गुडघेदुखीची जुनी गोळी बंद झाली आहे आणि जेवणातील लोणचे-पापड घरच्यांनी हलविले आहेत. याबद्दल ते कुरकुरतात. पिशवीतले कागद त्यांनी शाळेच्या एका कोऱ्या हजेरीपटात तारीखवार उतरवून काढले आहेत. पहिल्या रकान्यात स्वतःचे नाव, दुसऱ्यात पत्नीचे. त्यांच्या पत्नीचे क्रिएटिनीन आजवर एकदाही तपासलेले नव्हते, ही गोष्ट तो रकाना भरावयास बसल्यावर त्यांच्या ध्यानात आली.